मनोरमेचें धर्मशिक्षण : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारांतील एक वाद

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आमच्या संग्राहक मित्रांच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, करीने, बखरी आणि हिशेबाच्या कीर्दी उभ्या राहतात. घरगुती पत्रांस, त्यांतहि एका आईनें आपल्या लहान मुलीच्या संगोपनाविषयीं लिहिलेल्या पत्रांस, दप्तरांत मानाचें आसन क्वचितच मिळतें. जुन्या वाड्यांतील रुमाल सोडतांना असलीं पत्रें हातीं लागलीं तर तीं ‘किरकोळ’ असा शेरा मारून बाजूस ठेवण्याचा परिपाठ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु धर्मांतराचा इतिहास ज्यांस लिहावयाचा असेल त्यांस अशा किरकोळ कागदांवांचून गत्यंतर नाहीं. बाप्तिस्म्याची तारीख देवळाच्या नोंदवहींत सांपडते. पण नवा धर्म घरांत कसा नांदला, तो आईबापांकडून मुलांकडे कसा गेला, किंबहुना गेला कीं नाहीं, हें नोंदवही सांगत नाहीं. तें सांगणारा एक पत्रसंग्रह सुदैवानें उपलब्ध आहे, आणि त्याचा या एकाच दृष्टीनें विचार करावा असा आमचा हेतु आहे.

हा संग्रह मुख्यत्वें पंडिता रमाबाई, त्यांची कन्या मनोरमा आणि इंग्लंडांतील वाँटेज गांवच्या भगिनीसंघांतील सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रांचा आहे. पत्रें इंग्रजींत आहेत. तीं जुळवून ठेवण्याचें काम स्वतः सिस्टर जेराल्डिन यांनीं केलें, आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें तीं १९७७ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. कागद काय सांगतो हें पाहण्यापूर्वीं तो कोणीं जपला हें पाहावें, असा साधनपरीक्षेचा नियम आहे. येथें कागद जपणारी व्यक्ति वादांतील एक पक्ष आहे. जेराल्डिनबाईंनीं पत्रांस जो मजकूर जोडला आहे त्यांत रमाबाईंच्या अभिमानी स्वभावास दोष दिलेला आढळतो, आणि वाचकानें तो मजकूर एका पक्षाची कैफियत समजूनच वाचावा. तथापि ज्या पत्रांत आपली कानउघाडणी झाली आहे अशीं पत्रेंहि या बाईंनीं नष्ट केलीं नाहींत. आमच्याकडील कित्येक घराण्यांच्या दप्तरांविषयीं असें म्हणतां येत नाहीं.

वाद समजण्यासाठीं रमाबाईंचें स्वतःचें बालपण आधीं पाहिलें पाहिजे. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं शिकले. साठे हे पेशव्यांच्या वाड्यांत बाईसाहेबांस संस्कृत शिकवीत; स्त्रीच्या मुखांतून संस्कृत श्लोक ऐकून या तरुण शिष्यास जें आश्चर्य वाटलें त्यांतूनच पुढें आपल्या पत्नीस संस्कृत शिकविण्याचा त्याचा निश्चय झाला, असें सांगतात. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांतील वाड्यांतला एक पाठ पुढें केडगांवच्या माळावर उगवला, ही गोष्ट आमच्या वाचकांस तरी कौतुकाची वाटेल.

अनंतशास्त्र्यांनीं पत्नी लक्ष्मीबाईस शिकविलें आणि लक्ष्मीबाईनें रमेस शिकविलें. दिवसभर तीर्थयात्रेची पायपीट, स्वयंपाकपाणी व आल्यागेल्याचें आतिथ्य. तेव्हां शिकविण्यास सवड ती पहांटेचीच. आई मुलीला अंधारांत उठवी आणि पांखरें बोलूं लागण्याच्या वेळेस पाठ चाले. रमाबाईंनीं आपल्या ‘माझी साक्ष’ या पुस्तकांत ही आठवण प्रेमानें नमूद केली आहे. हें कुटुंब देवळांत पुराण सांगून निर्वाह करी, आणि मिळालेल्या दक्षिणेंतून दानधर्म करी. मुलांस वेगळा धर्मोपदेश करण्याचें कारणच पडत नसे, कारण आईबापांचा सबंध दिवस हाच धर्माचा दिवस होता. १८७४ च्या दुष्काळांत या श्रद्धेची कसोटी लागली. तीर्थांवर द्रव्य व शरीर दोन्ही झिजलीं आणि आईबाप थोड्या अंतरानें मृत्यु पावलीं. मरणसमयीं वडिलांनीं या धाकट्या लेकीला जवळ घेऊन, तुला मीं ईश्वराच्या हातीं दिलें आहे, तूं त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे शब्द सांगितले. ख्रिस्ती झाल्यावर कैक वर्षांनीं आपलें आत्मनिवेदन लिहितांना रमाबाईंनीं हा प्रसंग गाळला नाहीं. उलट वडिलांची आज्ञा आपण मोडली असें त्यांस वाटलेलें दिसत नाहीं. वैष्णव पित्यानें सोडलेलें वाक्य ख्रिस्ती कन्येनें जसेंच्या तसें उचललें.

पुढील वृत्तांत बहुश्रुत असल्यानें थोडक्यांत देतों. १८७८ मध्यें भाऊ श्रीनिवासशास्त्री यांजबरोबर कलकत्त्यास आगमन, तेथें ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या. १८८० मध्यें भावाचा मृत्यु. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणीविवाह. १६ एप्रिल १८८१ रोजीं मनोरमेचा जन्म. आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पतीचा पटकीनें अंत. तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक, हीं सर्व त्या एका वर्षांतलीं. १८८३ मध्यें वैद्यक शिकण्याच्या इराद्यानें त्या इंग्लंडास गेल्या. पुण्यांतील ज्या भगिनींशीं त्यांचा परिचय झाला होता त्यांचें मूळ ठाणें वाँटेजला होतें, म्हणून त्या तेथें उतरल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यानें वैद्यकाचा बेत मात्र फसला.

वाँटेज येथें पहिल्याच वर्षीं एक भयंकर प्रकार घडला. रमाबाईंची सोबतीण आनंदीबाई भगत हिनें आत्मघात केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, रमाबाईंनीं व त्यांच्याबरोबर मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. मुलगी तेव्हां अडीच वर्षांची होती. या दोन घटना इतक्या लागोपाठ घडल्यामुळें पुण्यांत काय काय बोललें गेलें तें सांगावयास नको. जोतीराव फुल्यांनीं १८८५ च्या ‘सत्सार’ अंकांत रमाबाईंची बाजू घेतली, हा त्या गदारोळांतील अपवाद.

अडीच वर्षांच्या मुलीनें घेतलेला बाप्तिस्मा हा अर्थातच आईचा निर्णय. मुलगी वाढूं लागली तशी तिला हा धर्म कोणीं आणि कसा द्यावयाचा हा प्रश्न उत्पन्न झाला. १८८४ मध्यें रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत गेल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील या उदार मनाच्या, वादास न भिणाऱ्या बाई होत्या. मनोरमा कांहीं काळ आईजवळ, पण बराच काळ वाँटेजच्या मठांत सिस्टर जेराल्डिन यांच्या देखरेखीखालीं राहिली. तिच्यावर या बाईंची खरी माया होती. आमच्या भाषेंतला ‘आजीबाई’ हा शब्द इंग्रजी पत्रांत रोमन अक्षरांत वारंवार येतो, तो जेराल्डिनबाईंस उद्देशून. रमाबाईंची आई दुष्काळांत गेली होती. मनोरमेस आजी अशी या परक्या मुलखांतच लाभली. पुढें दिलेला कडवट मजकूर या नात्याच्या पोटांतला आहे, शत्रूंच्या रोखठोकींतला नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

वादाचीं वरवरचीं कारणें पाहिलीं तर तीं क्षुल्लक वाटतात. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडें घातलेलें मिष्टान्न त्या घेत नसत. जेराल्डिनबाईंस यांत जुन्या जातीचा अहंकार दिसला. मठांतील क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयीं रमाबाईंचा प्रश्न असा होता कीं, लॅटिन ही तुमची जन्मभाषा नव्हे आणि माझीहि नव्हे, मग माझ्या क्रुसावर संस्कृत अक्षरें कां नसावींत? प्रश्न बिनतोड आहे. मराठी संशोधकांनीं ‘धर्मांतर म्हणजे स्वत्वलोप’ असें सरसकट विधान करण्यापूर्वीं हें पत्र वाचावें. याच सुमारास रमाबाईंनीं तरुण पुरुषांस शिकवावें कीं नाहीं यावरहि वाद माजला, आणि हिंदुस्थानांतील इंग्रज बिशपांनीं विरुद्ध मत दिलें. त्या प्रकरणांत शिरण्याचें येथें कारण नाहीं.

खरा तंटा १८८५ मध्यें मतांगीकाराविषयीं झाला. रमाबाई स्वतः बायबल वाचीत होत्या आणि त्यांतील जें पटलें तेंच मान्य करीत होत्या. त्रैक्याचा सिद्धांत, अथानासीच्या नांवावर चालणारा मतांगीकार, कुमारीगर्भसंभव यांविषयीं त्यांस शंका होत्या आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. धर्मगुरूचा शब्द म्हणजे देवाचा शब्द नव्हे. मला विचारशक्ति व सदसद्विवेक आहे, आणि ब्राह्मण पुरोहितांचें जूं टाकून आल्यावर दुसऱ्या कोणाचें जूं मी घेणार नाहीं, असा त्यांच्या पत्रांचा आशय. शास्त्रार्थाच्या घरांत वाढलेल्या मुलीकडून याहून निराळ्या उत्तराची अपेक्षा करणें व्यर्थ होतें.

या शंका केवळ रमाबाईंच्या स्वतःपुरत्या असत्या तर जेराल्डिनबाईंनीं त्या सोसल्या असत्या. पण मठांत मनोरमेस संघाच्या रीतीप्रमाणें धर्मशिक्षण मिळत होतें, आणि आईस जें मान्य नाहीं तेंच मुलीस पढविलें जात आहे असें रमाबाईंस आढळून आलें. येथें दोन्ही बाजूंचें म्हणणें नीट मांडणें आमचें कर्तव्य आहे.

जेराल्डिनबाईंचें म्हणणें असें होतें : बाप्तिस्मा घेतलेलें मूल ख्रिस्तसभेचें आहे, आईची श्रद्धा डळमळत असेल तर मुलाचें धर्मशिक्षण तिच्या हातीं देतां येत नाहीं, व्यक्तीचें मत बदलतें पण सभेची शिकवण स्थिर असते, आणि लहान मुलास आधार हवा तो स्थिर गोष्टीचा. या विचारसरणींत प्रामाणिकपणा आहे. मठांत राहणाऱ्या, स्वतःचें मूल नसलेल्या बाईनें दुसऱ्याच्या मुलीवर माया जडवावी आणि तिच्या आत्म्याची काळजी वाहावी, ही गोष्ट हंसण्यासारखी नव्हे.

रमाबाईंची बाजू अशी : मूल देवानें आईच्या स्वाधीन केलें आहे आणि त्याचा जाब आईला द्यावा लागणार आहे. जें मला अजून उमगलें नाहीं तें मुलीच्या तोंडून वदवून घेणें हें असत्य होय. मनोरमेनें ख्रिस्ती व्हावें ही इच्छा त्यांसहि होती. पण तिनें इंग्रज व्हावें ही नव्हती. मुलगी आपल्या लोकांत परकी ठरूं नये, आपल्या देशाचें व माणसांचें नांव निघतांच तिला लाज वाटूं नये, तिनें आपल्यासारखेंच असावें, अशा आशयाचा मजकूर त्यांच्या लेखणींतून उतरला आहे. आम्हांस हा संग्रहांतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. धर्म बदलला म्हणून आई बदलत नाहीं, आणि आईच्या द्वारें जो धर्म मुलीपर्यंत जाईल तो आईच्या भाषेंतून आणि आईच्या ताटांतूनच जाईल, अशी ही भूमिका आहे. पहांटे उठवून पाठ देणाऱ्या लक्ष्मीबाईची लेक दुसरें काय लिहिणार?

तरीहि रमाबाईंच्या बाजूंत एक मोठें न्यून आहे, आणि त्यांच्या चरित्रकारांनीं त्याकडे बहुधा कानाडोळा केला आहे. उदाहरणानें शिकवावयाचें तर उदाहरण डोळ्यांसमोर असावें लागतें. लक्ष्मीबाई रमेजवळ होती. रमाबाई मनोरमेजवळ नव्हत्या. आई चेल्टनहॅमला आणि चार वर्षांची मुलगी वाँटेजला, अशा स्थितींत आईनें पत्रानें पाठविलेले निर्बंध मठांतल्या बाईनें पाळावेत ही अपेक्षा तर्कास धरून असली तरी व्यवहारास धरून नव्हती. १८८६ च्या आरंभीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या तेव्हां मुलीस त्यांनीं बरोबर नेलें. समारंभ ११ मार्च १८८६ रोजीं झाला. पण पुढें अमेरिकेंत गांवोगांव व्याख्यानें देत फिरणें सुरू झाल्यावर मनोरमेस पुन्हां आजीबाईंकडेच धाडावें लागलें. ज्या हातांतून मुलगी काढून घ्यावयाची त्याच हातांत ती पुन्हां द्यावी लागली, आणि त्या हातांनींहि तिला नाकारलें नाहीं. १८८७ मध्यें रमाबाईंचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें, बोस्टन येथें मदत मंडळी स्थापन झाली, दहा वर्षांच्या साह्याचें वचन मिळालें. या सर्व यशाची किंमत घरांत अशी मोजली गेली.

याच संबंधांत नीळकंठशास्त्री गोऱ्हे, अर्थात् फादर नेहेम्या गोरे, यांचें स्मरण होतें. रमाबाईंस ख्रिस्ती मताकडे वळविण्यांत यांच्या पत्रांचा मोठा भाग होता, हें त्यांनींच लिहून ठेवलें आहे. काशीच्या या चित्पावन पंडितानें १८४८ मध्यें बाप्तिस्मा घेतला. १८५३ मध्यें मुलगी झाली आणि पत्नी लवकरच वारली. मुलगी लक्ष्मी इंग्रज कुटुंबांत वाढली, इंग्लंडांत शिकली आणि १८८० मध्यें स्वदेशीं परत आली. पुढें एलन लक्ष्मी गोरे या नांवानें तिनें रचिलेलीं इंग्रजी भक्तिगीतें दूरवर गाइलीं गेलीं. श्रद्धा बापाचीच, पण ती बापाच्या घरांतून आलेली नव्हे. नेहेम्यांचें वैराग्य सर्वांस ठाऊक आहे. विरक्त पित्याच्या मुलीस वाढविण्यास दुसरें कोणी लागतें. रमाबाईंपुढें हें उदाहरण होतें असें म्हणण्यास आधार नाहीं, पण दोन्हीं प्रकरणें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे रमाबाईंच्या हट्टाचा अर्थ अधिक कळतो.

फेब्रुवारी १८८९ मध्यें रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजीं चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. सदनाच्या अटी स्पष्ट होत्या : येथें ख्रिस्ती धर्म शिकविला जाणार नाहीं, आणि कोणाच्या धर्माचरणास अडथळाहि होणार नाहीं. रानडे, भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळांत बसले ते या अटींवर. आतां ज्या प्रश्नावर वाँटेजला पत्रें झडलीं तोच पुण्यांत निराळ्या वेषांत उभा राहिला, आणि या खेपेस त्यांत शहर सामील झालें.

प्रकार असा होता. रमाबाई रोज सकाळीं आपल्या खोलींत मनोरमेस जवळ घेऊन बायबल वाचीत व प्रार्थना करीत. आतां आई आणि मुलगी एका छपराखालीं होत्या. जें पत्रांनीं साधलें नव्हतें तें साधण्याची वेळ आली होती. खोलीचें दार उघडें असे. सदनांतील मुली येतां जातां पाहत. त्यांतील कांहीं येऊन बसूं लागल्या. रमाबाईंनीं त्यांस बोलाविलें नाहीं आणि हांकलूनहि दिलें नाहीं.

सल्लागारांचें म्हणणें, हें उघडें दार म्हणजे अटीचा भंग. पोरक्या, विधवा, अज्ञान मुली ज्या बाईच्या अन्नावर व मायेवर राहतात तिच्या प्रार्थनेचा त्यांच्यावर परिणाम होणारच. उपदेश केला नाहीं ही सबब येथें पुरत नाहीं. रमाबाईंचें उत्तर, मी ख्रिस्ती आहे हें सर्वांस ठाऊक होतें. हिंदु आई आपल्या घरांत देवपूजा करिते तेव्हां दार लावून घेते काय? मग मी माझ्या मुलीसह करीत असलेली उपासना चोरून कां करावी? ऑगस्ट १८९३ मध्यें सल्लागारांनीं राजीनामे दिले, ‘केसरी’नें प्रकरण लावून धरलें, आणि पालकांनीं अनेक मुली काढून नेल्या.

या तंट्याचा निकाल लावण्यासाठीं आम्हीं लेखणी धरलेली नाहीं. परंतु दोन गोष्टी नोंदल्या पाहिजेत. पहिली ही कीं, मुद्द्याच्या तळाशीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें. वडील माणसाचें आचरण उपदेशाहून अधिक खोल उतरतें हें रमाबाई मानीत, म्हणून दार उघडें; रानडे-भांडारकरहि तेंच मानीत, म्हणून त्यांस तें लावून हवें होतें. ‘नुसती प्रार्थनाच तर होती’ असें म्हणून सल्लागारांस संकुचित ठरविणारे लेखक प्रार्थनेचें सामर्थ्य रमाबाईंहून कमी समजतात. दुसरी गोष्ट अशी कीं, त्या दारावरून जाणारी प्रत्येक मुलगी आंत गेली नाहीं. सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू या हिंदुच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई या नांवानें त्यांनीं ‘माझें पुराण’ हें आत्मवृत्त लिहिलें. सदनाविषयींचीं मतें वर्तमानपत्रांवरून बनविणाऱ्यांनीं हें पुस्तक हाताशीं ठेवावें.

येथें कालानुक्रमाकडेहि लक्ष वेधणें अवश्य आहे. ‘माझी साक्ष’ मध्यें रमाबाई सांगतात कीं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षेंपर्यंत आपल्यास ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त वाचनांत आलें आणि मनाची खात्री पटली. हें खरें धरलें, आणि न धरण्याचें कारण नाहीं, तर १८८५ मध्यें मुलीच्या धर्मशिक्षणासाठीं भांडणारी आई आपल्याच पुढील कबुलीप्रमाणें अजून वाटेंत होती. जेराल्डिनबाईंची शंका अगदींच निराधार नव्हती म्हणावयाची. पण त्याच कबुलीनें रमाबाईंची बाजूहि बळावते. जें अजून गवसलें नाहीं तें गवसल्याचें सोंग त्यांनीं मुलीसमोर केलें नाहीं. १८९३ मध्यें दार उघडें ठेवण्याचा जो निश्चय दिसतो तो या दोन वर्षांच्या आंतला आहे, आणि वाँटेजच्या पत्रांतील शंकेखोर रमाबाई व पुण्याच्या सदनांतील निश्चयी रमाबाई यांत जो फरक वाचकांस बुचकळ्यांत टाकतो त्याचा उलगडा येथें होतो.

मराठी ख्रिस्ती घरांचा दुसरा मोठा पुरावा टिळकांचा. नारायण वामन टिळकांनीं फेब्रुवारी १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला तेव्हां पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू त्यांच्याबरोबर नव्हते. घर मोडलें आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां जुळलें. लक्ष्मीबाईंनीं पुढें आपल्या मनानें व आपल्या वेळीं तो धर्म घेतला. ‘स्मृतिचित्रें’ सर्वांनीं वाचलीं आहेत, म्हणून विस्तार करीत नाहीं. तथापि संग्राहकांनीं ‘ख्रिस्तायना’ची प्रत पाहावी. टिळकांनीं आरंभ केला, १९१९ मध्यें त्यांच्या मरणानें काम थांबलें, लक्ष्मीबाईंनीं बहुतेक ग्रंथ रचिला, आणि त्यांच्या पश्चात् अखेरचा अध्याय मुलगा देवदत्त यांनीं जोडला. एका घराण्याच्या श्रद्धेचा वारसा एकाच पोथींत, तीन हातांचा, असा दाखला आमच्या संग्रहांत दुसरा नाहीं. टिळकांच्या घरीं ओवी होती. रमाबाईंच्या घरीं व्याकरण होतें. दोन्ही घरांत वारसा हिंदु आईबापांकडूनच आला होता.

मनोरमेचें पुढें काय झालें, या प्रश्नावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत शिक्षण घेऊन ती परतली तेव्हां केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांतील शेंकडों मुली तेथें आल्या होत्या. मनोरमा आईच्या कामांत पडली. तिनें मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा दिली, शारदासदनाची मुख्याध्यापिका म्हणून काम पाहिलें, आणि निजामाच्या राज्यांत गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. आईचा बहिरेपणा वाढत गेला तसा बाहेरच्या व्यवहाराचा भार लेकीवर आला. तिनें लग्न केलें नाहीं. वाँटेजच्या मठांत इंग्रजी बोलून वाढलेली ही मुलगी आपल्या लोकांत परकी ठरली नाहीं. १८८५ च्या पत्रांत आईनें जी भीति व्यक्त केली होती ती निष्फळ झाली. याचें श्रेय उघड्या दाराच्या खोलीस किती आणि आजीबाईंच्या मायेस किती, हें तोलण्याचा कांटा कोणाजवळहि नाहीं. आमचें मत विचाराल तर पारडें आईकडे झुकतें. पण पत्रें जपणाऱ्या बाईनें मुलगीहि जपली होती, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

रमाबाईंचीं शेवटचीं वर्षें मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करण्यांत गेलीं. लक्ष्मीबाईनें पहांटे शिकविलेलें व्याकरण त्या कामीं आलें. सदनाचा कारभार लेकीच्या हातीं द्यावयाचा, असा सर्वांचा समज होता. २४ जुलै १९२१ रोजीं मिरज येथें मनोरमा चाळीसाव्या वर्षीं वारली. आठ महिन्यांनीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनीं केडगांवीं देह ठेवला. भाषांतर केडगांवच्याच छापखान्यांत छापून १९२४ मध्यें बाहेर पडलें. त्याच्या प्रती आतां दुर्मिळ झाल्या आहेत.

शारदासदनाच्या वादाचा जो कागद आज छापील आहे तो बहुतेक सल्लागारांच्या, संपादकांच्या व मिशनच्या बाजूचा आहे. ज्या घराण्यांनीं १८८९ ते १८९३ या काळांत आपल्या मुली वा सुना सदनांत ठेवल्या आणि मागाहून काढून नेल्या, त्यांच्या दप्तरांत त्या मुलींचीं घरीं आलेलीं पत्रें असण्याचा संभव आहे. पुणें, सातारा, रत्नागिरी व नगर या भागांतील आमच्या मित्रांनीं ‘किरकोळ’ म्हणून बांधून ठेवलेले रुमाल एकवार सोडून पाहावेत, आणि असें एखादें पत्र आढळल्यास त्याची नक्कल, कागद, शाई व अक्षर यांच्या वर्णनासह, मंडळाकडे पाठवावी.